एका नावाखाली

थूल सर कुणाच्या लग्नाला गेले की जेवायला उशिरा बसत. आधी मंडपाच्या खांबाला टेकून पंगत न्याहाळत आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या कानात हळूच सांगत, "थे निळ्या साडीवाली अन् तिच्या डाव्या हाताचं पोट्टं, हे एक घर. उजवीकडची बुढी त्याइची नोय, थे एकटीच आली." मग खात्री करून घ्यायला पाण्याचा जग उचलून त्या ओळीत शिरत, दोन प्रश्न विचारत आणि परत येत. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

हा मुळातला स्वभाव होता की पोटापाण्याच्या कामानं लावलेली खोड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काम तसंच होतं.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघ्यात सिमेंट-लोखंडाच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं आमच्याकडे येत आणि आम्ही पोरंपोरी त्यांना कॉम्प्युटरला समजतील अशा खुणा घालून परत पाठवत असू. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप, अशी तुकड्या-तुकड्याला खूण. वर्ध्याच्या उन्हात, कूलरचं पाणी अंगावर उडवून घेत, आम्ही कुठल्या तरी थंड देशातल्या मधमाश्यांच्या पुस्तकावर माना मोडत बसायचो. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ते गिऱ्हाइकांना "पोरगी टायपिंग करते" एवढंच सांगत, आणि मीही त्यांना कधी सुधारलं नाही.

खुणा घातलेलं पुस्तक घेऊन त्याला प्रकाशकाला हवा तसा आकार द्यायचा, हे काम स्टाइलशीट करत असे. म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. त्या लिहायचे थूल सर. अडचण अशी असे की पुस्तकातला सगळा मजकूर एका रांगेत आलेला असे. शीर्षक, परिच्छेद, परिच्छेद, पुन्हा शीर्षक, परिच्छेद. वाचणाऱ्याला कळतं की हे दोन परिच्छेद वरच्या शीर्षकाचे आहेत. कॉम्प्युटरला मात्र सगळे सारखेच, एका आईची भावंडं. त्या भावंडांचे गट पाडून ज्याचं त्याच्या पदरात घालायचं, यात सरांचा हात धरणारा निदान आमच्या जिल्ह्यात कुणी नव्हता. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत.

सर ठेंगणे होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशात दोन पेनं. चहा बशीत ओतून पीत आणि पिताना डोळे मिटत. ऑफिसात जय भीम घालत शिरत आणि पहिली नजर दारातल्या चपलांवर टाकत. मला ते अंजूबाई म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांच्या तोंडी प्रत्येक मुलगी बाईच असे.

त्या चपलांवरच त्यांनी आम्हाला गट पाडणं शिकवलं. एकदा सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं आणि म्हणाले, "जोड्या लावा." आम्ही हसत हसत लावल्या. दोन मुलींच्या चपला अगदी एकसारख्या होत्या, एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. आम्ही त्यातली एकीची डावी आणि दुसरीची उजवी अशी जोडी लावून मोकळे झालो. सर वाटच पाहत होते. "सारखं दिसते म्हून एकाचंच असन, असं नसते बापा. नावावर नका जाऊ, रूपावर नका जाऊ. परत्येक परिच्छेदाले विचारा, तुह्या डोक्यावर सगळ्यात जवळचं शीर्षक कोनतं? अन् थ्या शीर्षकाचं नाव नका घेऊ, थ्याची खूण घ्या, कॉम्प्युटर परत्येकाले येगळी देते थे. नाव दोघाइचं एक असू शकते. खूण एकाचीच असते."

हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की कुणी दोन सारखे डबे घेऊन आलं तरी आम्ही कोरसमध्ये "खूण घ्या" म्हणायचो. सर रागवायचे नाहीत. खरं तर त्यांना ते आवडायचं.

बाहेरही त्यांचं हेच चाले. हिंगणघाटच्या एसटीत एकदा आम्ही तिघं-चौघं त्यांच्याबरोबर होतो. कंडक्टर एका बाईच्या मागे लागला की पोराचं अर्धं तिकीट काढा. बाई म्हणत होती पोरगं माझं नाही. कंडक्टर म्हणे, मांडीला मांडी लावून बसलं आहे आणि तुमचं नाही? बाई लाजून रडकुंडीला आली. सर आपल्या जागेवरून उठले, लटपटत पुढे गेले, पुढच्या बाकावर घोरत असलेल्या एका माणसाला हलवून म्हणाले, "भाऊ, तुमचं पोरगं मांगं बसून राह्यलं." माणूस खडबडून जागा झाला, पोरगं त्याचंच होतं. सरांनी दोघांच्या पायातले एकाच दोऱ्याने शिवलेले बूट पाहिले होते. परत येऊन बसले आणि कंडक्टरला सगळ्यांदेखत ऐकवलं, "शेजारी बसला म्हून कोनी कोनाचा होत नाई." गाडीतले लोक हसले. सर खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांच्या मानेवर मला अभिमान दिसत होता. माइक मिळाला असता तर ते त्यावरही बोलले असते, असं मला तेव्हा वाटून गेलं.

मग तो परिचय मेळाव्याचा उन्हाळा आला.

समाजाच्या उपवर मुलामुलींचा मेळावा दरवर्षी वर्ध्याला भरायचा. त्याची एक पुस्तिका निघे. नाव, खाली वडिलांचं नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा. त्या साली सरांनी ती फुकट करून द्यायचं अंगावर घेतलं. ऑफिसातल्या दोघींनी माहिती टाइप केली, आणि तीही नेहमीसारखी एका रांगेत आली. मुलीचं नाव म्हणजे शीर्षक, खालच्या ओळी म्हणजे परिच्छेद. सरांचं तर हे रोजचंच काम. "माझ्यापाशी तयार स्टाइलशीट हाये," ते म्हणाले, "चहा थंडा व्हायच्या आत पुस्तिका करून देतो."

ती तयार स्टाइलशीट एका परदेशी ग्रंथाच्या सूचीसाठी लिहिलेली होती. सूचीत एकच शब्द दोन ठिकाणी आला तर दोन्हीकडचा मजकूर एका शब्दाखाली गोळा करायचा आणि दुसरं शीर्षक पुसून टाकायचं, असं प्रकाशकाला हवं होतं. म्हणून सरांनी त्या एकाच कामापुरते गट नावावर पाडले होते. फार सुंदर चालली होती ती. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना गोरसपाकाची गोड बिस्किटं वाटली होती. आता त्यांनी तीच स्टाइलशीट उचलून मेळाव्याच्या माहितीवर चालवली. छापखाना खोळंबला होता. मेळाव्याच्या समितीने तपासायला घेतलेली प्रत प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांच्या पानापुरतीच पाहिली. सर दुसऱ्याची ओळन् ओळ तपासत, स्वतःचं काम मात्र त्यांनी उघडूनही बघितलं नाही.

सुजाता वानखेडे नावाच्या दोघी होत्या. एक अल्लीपूरची, एम.ए. बी.एड. दुसरी हिंगणीची, बारावी शिकलेली, शिवणकाम करणारी, घटस्फोटित, एक मुलगा असलेली.

मेळाव्याच्या दिवशी पुस्तिका वाटायच्या टेबलावर आम्हा ऑफिसच्या मुलींना बसवलं होतं, म्हणून मी हॉलमध्ये होते. रीत अशी की निवेदक पुस्तिकेतून माहिती वाचायचा आणि ती संपली की मुलगी किंवा मुलगा स्टेजवर येऊन घटकाभर उभा राहायचा, चार शब्द बोलायचा. अल्लीपूरची सुजाता नाव ऐकताच उत्साहाने आधीच येऊन उभी राहिली. निवेदक वाचत गेला. वडील अमुक, अल्लीपूर, एम.ए. बी.एड. आणि न थांबता पुढे, वडील तमुक, हिंगणी, शिक्षण बारावी, घटस्फोटित, अपत्य एक. दोन वडील ऐकून आधी हशा पिकला. "घटस्फोटित" ऐकून तो थांबला. मुलगी पांढरीफटक पडली. तिचे वडील खुर्च्या सरकवत पुढे धावले.

सर माझ्या शेजारीच उभे होते. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. कुठली स्टाइलशीट, कुठली ओळ, सगळं. ते जवळजवळ पळत स्टेजवर गेले आणि त्यांनी माइक घेतला. "चूक माझी हाये," ते म्हणाले. "ह्या सुजाता वानखेडे अविवाहित हायेत. दोघीचं नाव एक असल्यानं माहिती एकत्र झाली. ज्या घटस्फोटित हायेत त्या हिंगणीच्या सुजाता वानखेडे." इथवर ठीक होतं. पण सरांचा हात कपाळाशी आडवा गेला आणि ते हॉलभर नजर फिरवू लागले, अगदी पंगत बघायचे तसे. "त्या आल्या असतीन. कुठी हायेत? बाई, हात वर करा बरं."

बायकांच्या बाजूला मधल्या ओळीतून एक हात वर झाला. अर्धाच. सरांनी सांगितलं म्हणून तिने केला असावा. सगळा हॉल वळला. कुणीतरी पुटपुटलं, "हे हाये का थे." सर म्हणाले, "हां, ह्या त्या," आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं. दोन गट वेगळे झाले होते. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ती उठली, पोराचा हात धरला, आणि लोकांच्या गुडघ्यांना "जरा सरका" म्हणत त्या लांब ओळीतून बाहेर पडली. तेवढा वेळ माइक सरांच्याच हातात होता. मला त्यांची लाज वाटली, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पुस्तिकांचे गठ्ठे नीट लावत बसले.

अल्लीपूरच्या सुजाताची माफी समितीने मागितली, पुस्तिकेत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली, आणि त्याच मोसमात तिचं लग्नही ठरलं. हिंगणीच्या सुजाताची माहिती तिच्या नावाने कुठेच आली नाही. तिचीही चिठ्ठी लावा म्हणायला सर दोनदा समितीकडे गेले. तिथले एक जण म्हणाले, "जाऊ द्या ना सर. तिचं काय बिघडलं? थे तं हायेच घटस्फोटित." हे सरांनीच मला सांगितलं.

त्यानंतर सर बदलले. ऑफिसात कुणाची चूक ते मोठ्याने सांगेनासे झाले. खुर्चीमागे येऊन उभे राहत, बोट दाखवत आणि निघून जात. लग्नात जाऊन पहिल्या पंगतीला खाली मान घालून जेवून येत. नव्याने कामाला लागलेल्यांना मात्र ते ही हकिकत आवर्जून सांगत. गट नावावर पाडले, दोन मुली एक झाल्या, बघा किती महागात पडलं. फळ्यावर चुकीची ओळ लिहीत, खाली बरोबर ओळ लिहीत. गोष्ट तिथेच संपे. माइक त्यात कधी येत नसे. पहिल्या वेळी मी गप्प बसले, दुसऱ्या वेळी मला राग आला. अर्धी लाज फळ्यावर मांडता येण्यासारखी होती, ती ते सगळ्यांपुढे मांडत होते. उरलेली अर्धी कुठे ठेवली होती कुणास ठाऊक.

मी तसं त्यांना बोलून दाखवलं. ते रागावतील असं वाटलं होतं. बशीतला चहा परत कपात ओतत ते म्हणाले, "अंजूबाई, हिंगणीले येता का माह्यासंगं? मी एकटा तिच्या दारात उभा राह्यलो तं लोक अजून चार गोष्टी जोडतीन."

रविवारी आम्ही सेलूवरून हिंगणीला गेलो. सुजाता ओसरीत मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने सरांना पाहिलं, पायडल थांबवलं नाही.

"वळखलं," ती म्हणाली. "माइकवाले."

तिच्या आईने पाणी आणलं. सरांनी ते हातातच धरलं आणि बोलायला सुरुवात केली ती स्टाइलशीटपासून. सूचीचं काम कसं होतं, नावावर गट का पाडले होते, खूण कशी घ्यायला हवी होती. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. सुजाता शिवत शिवत ऐकत होती, आणि मान्य करायला हवं, तिला ते समजत होतं.

"म्हंजे नाव एक, म्हून दोघीले एका खाली टाकलं," ती म्हणाली. "अन् मी मांगून आली म्हून माहं नाव खोडलं."

"हाव."

"थे पुस्तकातलं झालं. थ्यानं मले काय झालं? पुस्तकात तं मी नव्हतीच." तिने दोरा दाताने तोडला. "हात वर कराले काऊन लावला?"

सरांनी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"मले वाटलं, सर म्हनून राह्यले तं आता माहं वाचतीन. म्हून केला वर."

सरांनी हात जोडले. "चुकलं बाई माहं."

"हे घरात काऊन म्हनता? घरात तुमाले ऐकाले आमी दोघी मायलेकी. तिथी म्हना. माइकवर, माहं नाव घेऊन."

परतताना सेलूच्या स्टँडवर आम्ही चहाला थांबलो, आणि सरांनी तो प्यायलाच नाही. "नाव घेतलं तं लोक पुन्हा तिलेच पाह्यतीन," ते म्हणाले. "न घेतलं तं थे माफी कोनाची? मले समजून नाई राह्यलं." आयुष्यभर ज्याने कोण कुणाचं हे ठरवलं, त्या माणसाला मी पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं. मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नव्हता.

वर्ष तसंच गेलं. पुढच्या मेळाव्याची पुस्तिका समितीने दुसऱ्याकडून करून घेतली. सरांनी फक्त दोन मिनिटं माइक मागितला. समितीने नाही म्हटलं, झालेलं कायले उकरता म्हणाले. तरीही मी हिंगणीला निरोप धाडला की सर येणार आहेत, बोलतील असं वाटतं. सुजाता आली. पोराला घरी ठेवून, जेवणाची सुट्टी संपता संपता आली आणि शेवटच्या ओळीत माझ्या शेजारी बसली. वर्षभरात लोक तिचा चेहरा विसरले होते. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

दुपारचं वाचन सुरू व्हायच्या आधी निवेदक पाणी पीत होता. सर बाजूच्या पायऱ्यांनी वर गेले आणि माइकपुढे उभे राहिले. शर्टाला तीच कडक इस्त्री होती, पण गळ्याचं बटण चुकीच्या काजात होतं.

"हिंगणीच्या सुजाता वानखेडे," ते म्हणाले. "याइची माहिती मांगच्या साली माह्या चुकीनं याइच्या नावाखाली छापली गेली नाई. मंग मी याच माइकवरून त्याइले हात वर कराले लावला. पह्यली चूक कामातली होती. दुसरी माह्यातली हाये. त्याची माफी मांगतो. आता त्याइची माहिती वाचतो, जशी सगळ्याइची वाचतात तशी."

आणि त्यांनी वाचली. वडिलांचं नाव, गाव, शिक्षण बारावी, व्यवसाय शिवणकाम, स्वतःची मशीन. घटस्फोटित, हा शब्द त्यांनी शिक्षणाच्याच आवाजात वाचला. एक मुलगा, शाळेत जाणारा. अपेक्षा, निर्व्यसनी आणि मुलाला आपलं म्हणणारा. वाचून झाल्यावर सर माइकपासून थोडे बाजूला सरकले, रीतीप्रमाणे, मुलीला उभं राहायला जागा करून देत.

मी सुजाताकडे पाहिलं. "जाता का?"

"नाई."

लोक माना वळवून शोधू लागले. कुणी उठत नाही म्हटल्यावर त्यांच्या नजरा परत स्टेजवर आल्या. तिथे सर एकटेच होते. समितीतल्या एकाने त्यांची बाही ओढली. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि तसेच उभे राहिले. खाली कुजबुज सुरू झाली, मग पुढच्या ओळीत कुणीतरी हसलं, मग आणखी काही जण. सरांनी हात दोन्ही बाजूंना सोडले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. ते कुठेही बघत नव्हते. सगळा हॉल मात्र त्यांच्याकडे बघत होता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

सुजाता पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ते सोडलं.

"बसा म्हना त्याइले आता," ती मला म्हणाली. "लोक पाहून राह्यले."

मी उठले आणि खुर्च्यांमधल्या वाटेने स्टेजकडे निघाले.